दुकानाला कॅमेरा घेताय? आधी काय दिसलं पाहिजे ते लिहा, मग मॉडेल बघा

अमरावती आणि अकोल्याच्या बॅचमध्ये मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "सर, कोणत्या कंपनीचा कॅमेरा घेऊ?" या आठवड्याचा व्हिडिओ त्यावरच आहे. पण व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

कंपनीचं नाव मी शेवटी सुद्धा सांगणार नाही. काहून ते कळायला आधी माझी चूक ऐका.

२०१९ ची गोष्ट. माझं स्टेशनरी आणि मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. चार कॅमेरे बसवून वर्ष झालं होतं. महिनाअखेरीस स्टॉक मोजला, तर इअरफोनचा एक अख्खा बॉक्स कमी. बिल आहे, एन्ट्री आहे, माल नाही. अठरा हजारांच्या आसपासचा फटका. माल आला होता १५ दिवसांपूर्वी. रेकॉर्डिंग उघडलं, तर त्यात मागचे फक्त ९ दिवस. त्याआधीचं सगळं पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड झालेलं.

मग संशय कोणावर जाणार? काउंटरवरच्या पोरावर. मी त्याला चोर म्हटलं नाही, पण तीन वेळा विचारलं. चौथ्या दिवशी तो कामावर आलाच नाही. पुढच्या महिन्यात सप्लायरचा माणूस येऊन सांगतो, "तुमचा एक बॉक्स आमच्याच गोडाऊनला राहून गेला होता." मी त्या पोराच्या घरी गेलो, माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे तर कॅमेरा होता ना. त्यातच पाहून घ्याचं होतं."

बरोबरच होतं त्याचं. कॅमेरा होता, पण माल उतरवायच्या टेबलाकडे एकही नव्हता, आणि १५ दिवस जुनं काही शिल्लक नव्हतं. कॅमेरा चोर पकडायला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रामाणिक माणसावर खोटा आळ येऊ नये, यासाठीही तो असतो. म्हणून निवड करताना हा क्रम धरा.

१. पहिले कागद, मग कॅमेरा

कागदावर तीन रकाने आखा: जागा, तिथे काय दिसलं पाहिजे, किती दिवसांपर्यंत दिसलं पाहिजे.

दुकानात साधारण या जागा निघतात: मुख्य दार किंवा शटर (येणाऱ्याचा चेहरा), गल्ला (हात आणि नोटा), माल उतरवायची जागा (नगांची मोजणी), महाग मालाचा रॅक, मागचं दार. घरी असाल तर गेट, मुख्य दार, गाडी लावायची जागा आणि गच्चीचा जिना.

"किती दिवस" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही स्टॉक महिन्यातून एकदा मोजता ना? मग रेकॉर्डिंग किमान ३५ दिवसांचं पाहिजे. दर आठवड्याला मोजत असाल तर १५ दिवसांत भागतं. कॅमेऱ्याची आठवण तुमच्या मोजणीपेक्षा लांब असली पाहिजे. एवढी एक ओळ लक्षात राहिली, तरी माझे अठरा हजार वसूल.

२. तीन प्रकार ओळखा

पहिला, अ‍ॅनालॉग एचडी. कोएक्सियल केबल, पॉवर सप्लाय आणि डीव्हीआर. स्वस्त पडतो. जुनी वायरिंग चांगली असेल तर आजही चालतो.

दुसरा, आयपी म्हणजेच नेटवर्क कॅमेरा. हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याला स्वतःचा पत्ता, स्वतःचा पासवर्ड असतो. लॅन केबलने तो एनव्हीआरला जोडतात. पीओई स्विच वापरला तर त्याच एका केबलमधून डेटाही जातो आणि वीजही.

तिसरा, वाय-फाय कॅमेरा, आत मेमरी कार्ड. घरात म्हातारी माणसं, लहान मूल यांच्यावर नजर ठेवायला ठीक. दुकानासाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्याच खिशात गेला.

इथे एक गैरसमज काढून टाका. आयपी कॅमेऱ्याला रेकॉर्डिंगसाठी इंटरनेट लागत नाही. एनव्हीआर दुकानातच असतो, रेकॉर्डिंग तिथेच होतं. इंटरनेट लागतं ते फक्त बाहेरून मोबाइलवर पाहायला. नवीन दुकान, नवीन वायरिंग आणि पुढे कॅमेरे वाढवायचा विचार असेल तर सरळ आयपी घ्या. घेताना ओएनव्हीआयएफ सपोर्ट आहे का ते विचारा. २००८ पासूनचं हे सामाईक मानक आहे. ते असलं की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला जोडता येतो आणि तुम्ही एकाच दुकानदाराला बांधले जात नाही.

३. मेगापिक्सेल अर्धी गोष्ट, लेन्स उरलेली अर्धी

"५ मेगापिक्सेल आहे, सगळं क्लिअर दिसते" असं फिटिंगवाला सांगतो. खरा प्रश्न हा की किती रुंद जागेत ते पिक्सेल पसरले.

कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी सोपे आकडे दिलेत. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. आधीपासून माहीत असलेला माणूस ओळखायला १२५. "कोणीतरी आहे" एवढंच कळायला २५.

आता २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी असते १९२० पिक्सेल. १९२० ला २५० ने भागा: साधारण साडेसात मीटर. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद जागा आली, की चेहरा पुराव्याला चालण्यासारखा राहत नाही. ४ मेगापिक्सेलला, म्हणजे २५६० पिक्सेलला, हीच मर्यादा दहा मीटरवर जाते.

रुंदी ठरवते लेन्स. २.८ एमएम लेन्स खूप रुंद पाहते, पण २ मेगापिक्सेलमध्ये चेहरा साधारण ४ मीटरपर्यंतच धड दिसतो. ४ एमएमला ५-६ मीटर, ६ एमएमला ८-९ मीटर. बहुतेक कोटेशनमध्ये सगळीकडे २.८ एमएमच टाकलेली असते, कारण डेमोला चित्र भरलेलं दिसते. गल्ल्यावर ती ठीक आहे. पण गेटपासून १० मीटरवर २.८ एमएम लावली तर चोराची टोपी दिसेल, तोंड नाही.

उंचीही बघा. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सव्वादोन ते अडीच मीटरवर लावा. चौदा फुटांवर लावला तर लोकांच्या डोक्याचे भोवरे मोजत बसाल. गाडीचा नंबर वाचायचा असेल तर त्याला वेगळा, जास्त एमएमचा कॅमेरा लागतो. एकाच कॅमेऱ्याकडून चेहरा, नंबर आणि अख्खा रस्ता मागू नका.

४. आपल्या वऱ्हाडाचं ऊन, धूळ आणि कोळी

डेमो एसी शोरूममध्ये होतो, कॅमेरा आपल्या टिनाच्या शेडखाली लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त तापते. म्हणून डब्यावर कामाचं तापमान वाचा. ५० अंशांपर्यंत चालणारा आणि ६० अंशांपर्यंत चालणारा, यात इथे फरक पडतो. बाहेरच्या कॅमेऱ्याला आयपी६६ किंवा आयपी६७ पाहिजे. हा आयपी धूळ-पाण्याचा, नेटवर्कचा आयपी वेगळा. हाताला लागेल एवढ्या उंचीवर असेल तर आयके१० सुद्धा बघा, म्हणजे दणका सोसणारा.

शटरकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात दुपारी माणूस काळा दिसतो, कारण मागे रस्त्याचा उजेड असतो. तिथे खरा डब्ल्यूडीआर पाहिजे, निदान १२० डीबीचा. "डिजिटल डब्ल्यूडीआर" लिहिलं असेल तर ते नुसतं सॉफ्टवेअरचं रंगकाम समजा.

रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर जाळं. मग अख्खी रात्र फक्त पांढरा पडदा रेकॉर्ड होतो. दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने काच पुसायचं काम कोणाचं, ते नाव घालून ठरवा. दालमिल, जिनिंग, पिठाची गिरणी असेल तर दर आठवड्याला.

५. हार्डडिस्कचं गणित

सूत्र सोपं आहे: एका कॅमेऱ्याचा बिटरेट (एमबीपीएस) गुणिले १०.८ म्हणजे रोजचे जीबी.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये २ एमबीपीएसवर ठेवला, तर रोज २१.६ जीबी. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. आता १ टीबी डिस्कमध्ये हाती लागतात साधारण ९३० जीबी. म्हणजे १० ते ११ दिवस. २ टीबीत २१ दिवस. ३५ दिवस पाहिजेत तर ४ टीबी घ्या.

माझे ९ दिवस कुठून आले ते आता कळलं ना? कोटेशनमध्ये "१ टीबी एचडीडी" लिहिलं होतं आणि मी ते वाचून खूश होतो. दिवस किती, हे विचारलंच नाही.

जुना एच.२६४ निवडला तर तेवढ्याच दर्जाला जवळपास दुप्पट जागा लागते. म्हणून सेटिंगमध्ये एच.२६५ चालू आहे का बघा. डिस्क साध्या कॉम्प्युटरची नको, सर्व्हेलन्सची घ्या. ती चोवीस तास लिहायलाच बनवलेली असते.

क्लाउडवर पाठवायचं म्हणता? २ एमबीपीएसचा एक कॅमेरा रोजचा २ जीबीचा पॅक सव्वादोन तासांत संपवतो. डोंगलवर दुकान चालवणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

६. केबल आणि लाइट

लॅन केबल एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत धरा. पुढे जायचं तर मध्ये स्विच लागतो. केबल शुद्ध तांब्याची मागा. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल पीओईला दगा देते. लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते आणि तो रात्री इन्फ्रारेड लागला की बंद पडतो. मग कॅमेरा खराब म्हणून तुम्ही वॉरंटीत भांडत बसता.

लाइट गेली तर? चार कॅमेरे, एनव्हीआर, स्विच, राउटर मिळून साधारण ५० वॅट. दुकानाचा इन्व्हर्टर असेल तर हे सगळं त्यावर घ्या. नसेल तर निदान छोटा यूपीएस. फक्त एनव्हीआर यूपीएसवर आणि स्विच बाहेर, हे मी खूप ठिकाणी पाहिलं. अशा वेळी एनव्हीआर जागा राहतो आणि कॅमेरे झोपतात. आणि एनव्हीआर गल्ल्यावर ठेवू नका. आतल्या खोलीत, कुलुपात, हवा खेळेल असा ठेवा.

७. पासवर्ड: इथे कंजूषपणा नाही, आळस नडतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिला रुग्णांच्या तपासणीचं कॅमेरा फुटेज इंटरनेटवर विक्रीला आल्याचं उघड झालं. गुजरात पोलिसांनी अटक केली त्यात आपल्या लातूर आणि सांगलीची पोरंही होती. कॅमेऱ्याच्या यंत्रणेला डीफॉल्ट पासवर्डच ठेवलेला होता, असं तपासाच्या बातम्यांत आलं. त्या बायांची काय चूक होती? आणि दवाखान्याने कॅमेरे सुरक्षेसाठीच लावले होते ना!

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणून फिटिंगच्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी हे समोर बसून करून घ्या:

• एनव्हीआर आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. तुम्ही टाइप करा, फिटिंगवाल्याने नाही.
• मुख्य खातं तुमच्या मोबाइल नंबरवर. फिटिंगवाल्याच्या नंबरवर खातं असेल तर दुकान त्याच्या मोबाइलवर दिसते.
• नोकरांना पाहायचं असेल तर वेगळं खातं, फक्त पाहण्यापुरतं. माणूस काम सोडून गेला की खातं बंद.
• राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करू देऊ नका. बाहेरून पाहायला कंपनीचं अ‍ॅप किंवा व्हीपीएन वापरा.
• ग्राहकांना दिलेलं वाय-फाय आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा.
• फर्मवेअर अपडेट दर तीन महिन्यांनी तपासा.

८. सरकारी नियम आता तुमच्या बाजूने आहे

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. कॅमेऱ्याची पासवर्ड व्यवस्था, डेटाचं एन्क्रिप्शन, अपडेट या गोष्टी तपासल्याशिवाय नवीन मॉडेलला मंजुरी नाही. यात एसटीक्यूसी या सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र महत्त्वाचं.

तुमचं काम एवढंच: कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, एसटीक्यूसी प्रमाणपत्र आणि बीआयएस नोंदणी दाखवायला सांगा. "जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर तो स्वस्त काहून आहे ते समजून घ्या. कंपनीचं नाव मी सांगत नाही ते यासाठीच. प्रमाणपत्र मॉडेलला मिळते, नुसत्या ब्रँडला नाही.

९. फुटेज कोर्टात टिकलं पाहिजे

आपल्या शेजारच्या जालन्याचा खटला बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, आणि निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग हा मोठा मुद्दा ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही आणि सीडी-पेनड्राइव्हवर नक्कल दिली, तर तिच्यासोबत कायद्यातलं प्रमाणपत्र पाहिजे. तेव्हा ते कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते.

दुकानदाराने काय करायचं? घड्याळ बरोबर ठेवा, एनव्हीआरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करा. घटना घडली की त्याच दिवशी तो भाग एक्सपोर्ट करा. स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढणं म्हणजे एक्सपोर्ट नाही. मूळ डिस्क पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये टाकायच्या आधी पोलीस ठाण्यात जा.

१०. कुठे लावायचा नाही

ट्रायल रूम, बाथरूम, कपडे बदलायची जागा: तिथे कॅमेरा लावणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा. कापड दुकानवाल्यांनी ट्रायल रूमच्या दारावरचा कॅमेरा आत डोकावत नाही ना, हे स्वतः उभं राहून तपासा. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करू नका. भावाभावांच्या एकत्र घरात सुद्धा विचारून लावा. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

दुकानात "येथे सीसीटीव्ही चालू आहे" ही पाटी लावा. कामावरच्या लोकांना पहिल्याच दिवशी कॅमेरे कुठे आहेत ते दाखवा, लपवू नका.

दोन उदाहरणं

अमरावतीचं किराणा दुकान, १२ बाय ३० फूट. शटरकडे डब्ल्यूडीआरवाला ४ एमएम, गल्ल्यावर २.८ एमएम, माल उतरवायच्या जागी २.८ एमएम, मागच्या दाराला ४ एमएम. चारही २ मेगापिक्सेल. ४ पोर्टचा पीओई स्विच, ४ टीबी डिस्क, सगळं इन्व्हर्टरवर. रेकॉर्डिंग ४० दिवसांच्या पुढे.

अकोला एमआयडीसीतली छोटी दालमिल. गेटवर गाडीच्या नंबरसाठी वेगळा कॅमेरा, वजनकाट्यावर एक, पोत्यांच्या थप्पीवर ४ मेगापिक्सेल, लोडिंगवर एक, ऑफिसात एक. गेट लांब आहे, म्हणून केबल मोजून मध्ये स्विच. धुळीमुळे दर आठवड्याला पुसणं. इथे काटा आणि लोडिंग हे दोन कॅमेरे बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचे, कारण वाद तिथेच होतात.

तुमचा गृहपाठ

तीन कोटेशन घ्या. प्रत्येकावर हे लिहून मागा: पूर्ण मॉडेल नंबर, लेन्स किती एमएम, रेकॉर्डिंग किती दिवस, केबल कोणती आणि किती मीटर, वॉरंटीत येऊन बघायचा चार्ज, आणि पासवर्ड कोणाच्या हाती. जो सहाही गोष्टी लिहून देतो तो चार पैसे महाग असला तरी त्याच्याशीच बोला.

आणि कॅमेरे आधीच लावलेले असतील, तर आज रात्री शटर पाडण्याआधी एक काम करा. एनव्हीआर उघडा आणि सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा. ती तारीख तुमच्या मागच्या स्टॉक मोजणीच्या आधीची आहे का? नसेल, तर आधी डिस्क बदला. उद्या एखाद्या पोराला तुम्ही तीन वेळा विचारण्याआधी, एकदा कॅमेऱ्याला विचारता आलं पाहिजे.

पुढच्या भागात: स्टॉक रजिस्टर आणि माल आवक पावती, दहा मिनिटांत.